जॅक्सन हाइट्समधला जुन्या इमारतीतला वन बेडरूम को-ऑप: पात्रता, कागदपत्रं आणि बोर्डाची परवानगी

न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं जॅक्सन हाइट्स आपल्या लोकांना ७४व्या रस्त्यावरच्या किराणा आणि सोन्याच्या दुकानांमुळे ठाऊक असतं. तिथून थोडं पुढे चालत गेलं की आतल्या बाजूला बाग राखलेल्या विटांच्या जुन्या इमारती लागतात. यातल्या बऱ्याच १९२०च्या आसपास क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने बांधल्या. १९९३ साली शहराने हा भाग ऐतिहासिक वस्ती म्हणून जाहीर केला. घरं देखणी आहेत, पण बहुतेक को-ऑप आहेत आणि खरी परीक्षा तिथेच असते.

को-ऑपमध्ये घर तुमच्या नावावर होत नाही. इमारत एका कंपनीच्या मालकीची असते. तुम्ही तिचे शेअर घेता आणि त्यासोबत घरात राहण्याचा भाडेपट्टा मिळतो. आपल्या सोसायटीसारखंच वाटतं, पण महाराष्ट्रात सबळ कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, इथे बोर्ड, म्हणजे त्या कंपनीचं संचालक मंडळ, कारण न सांगता नकार देऊ शकतं. वंश, धर्म, मूळ देश किंवा इमिग्रेशनची स्थिती पाहून नाकारणं बेकायदा आहे. मात्र कारणच सांगितलेलं नसलं की भेदभाव सिद्ध करणं अवघड जातं.

पात्रता

नागरिक असण्याची कायदेशीर अट नाही, एच-वन व्हिसावरही घर घेता येतं. बोर्ड पाहतं ते पैशाचं गणित. साधारण २० टक्के रक्कम आधी भरावी लागते, काही इमारती जास्त मागतात. कर्जाचा हप्ता, मेंटेनन्स आणि बाकीची कर्जं मिळून महिन्याच्या करपूर्व उत्पन्नाच्या २५ ते ३० टक्क्यांत बसावीत, अशी बऱ्याच बोर्डांची अपेक्षा असते. समजा, वर्षाला १,२०,००० डॉलर पगार आहे, हप्ता २,००० आणि मेंटेनन्स ९००. हे २९ टक्के झाले, म्हणजे अगदी काठावर. शिवाय व्यवहार झाल्यावरही एक-दोन वर्षांच्या हप्ता-मेंटेनन्सइतकी शिल्लक हाताशी लागते. या उदाहरणात ती ३४,८०० ते ६९,६०० डॉलर येते. निवृत्ती खात्यातले पैसे अनेक बोर्डं यात धरत नाहीत. म्हणून घरं बघायला निघण्याआधी हा हिशेब मांडा.

कागदपत्रं

ऑफर मान्य झाली की तुमचा वकील इमारतीचे ताळेबंद, ऑफरिंग प्लॅन (को-ऑपची मूळ माहिती आणि अटी असलेला दस्तऐवज) आणि बोर्डाच्या सभांची इतिवृत्तं वाचतो. छप्पर किंवा दर्शनी भिंतीच्या दुरुस्तीसाठी जादा वर्गणी येऊ घातली असेल, तर ती इतिवृत्तातच सापडते. करारावर सही करताना सहसा १० टक्के रक्कम विकणाऱ्याच्या वकिलाच्या एस्क्रो खात्यात जाते, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत ती तिथे राखून ठेवली जाते.

मग बोर्डासाठी फाइल. तीत करार, अर्ज, मालमत्ता आणि देण्यांचं विवरणपत्र, दोन वर्षांची टॅक्स रिटर्न, डब्ल्यू-टू (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कंपनीचा फॉर्म), पगारपत्रकं, नोकरीचं पत्र, सध्याच्या घरमालकाचं पत्र, ओळखीच्यांची शिफारसपत्रं, बँकेचं कर्जमंजुरीपत्र आणि बँक, को-ऑप व तुमच्यातला त्रिपक्षीय करार. बँक स्टेटमेंटची सगळी पानं लावा, कोरं शेवटचं पानसुद्धा. ‘४ पैकी ३’वर थांबलेलं स्टेटमेंट दिलं की फाइल अपुरी म्हणून परत येऊ शकते. मोठी रक्कम अचानक जमा दिसत असेल तर शेजारी खुलासा जोडा.

आपल्याकडे हा प्रश्न हमखास येतो, कारण आईवडील भारतातून पैसे पाठवतात. त्यासाठी भेटपत्र लागतं, म्हणजे हे पैसे भेट आहेत, परत करायचे नाहीत, असं पाठवणाऱ्याचं पत्र. भारतातून बाहेर पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत पाठवणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. अमेरिकेत करदाते असाल आणि परदेशातून मिळालेली भेट वर्षात १,००,००० डॉलरच्या वर गेली, तर ती कळवणारा अमेरिकन करखात्याचा फॉर्म ३५२० भरावा लागतो. पैसे करारापूर्वी बरेच आधी आणलेले बरे.

मुलाखत आणि नंतर

फाइल पटली तरच मुलाखत. नीटनेटकं जा, विचारलं तेवढंच सांगा. घर पुढे भाड्याने देण्याचा बेत असेल तर नियम आधीच वाचा, कारण अनेक इमारतींत त्यावर कडक मर्यादा असते. होकार मिळाला की व्यवहार पुरा होतो आणि शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर होतं. कर्ज असेल तर ते बँकेकडे राहतं.

वस्ती ऐतिहासिक असल्याने खिडक्या बदलायच्या तर को-ऑपसोबत ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या शहराच्या लँडमार्क्स कमिशनचीही परवानगी लागते. आधीच्या मालकाने परवानगीशिवाय खिडक्या बसवल्या असतील, तर कमिशनची नोटीस निस्तरण्याची वेळ नव्या मालकावर येऊ शकते. खिडक्यांचे परवाने वकिलाला सहीच्या आधीच तपासायला सांगा.