सोड्याची चुणचुण आणि शैवालाची भूक

सोड्याचा घोट घेतला की जीभ चुणचुणते. आपण श्रेय बुडबुड्यांना देतो, पण त्यामागे मुख्यतः एक एन्झाइम असतं. उंच चढाईवर गिर्यारोहक अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी घेतात. ती याच एन्झाइमला अडवते, आणि मग तोच सोडा सपक लागतो.

त्याचं नाव कार्बोनिक अनहायड्रेज. १९३३ साली ते रक्तात सापडलं. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचं बायकार्बोनेट करायचं आणि गरज पडली की उलटही, एवढंच त्याचं काम. ही क्रिया एरवीही होते, पण रखडत, कित्येक सेकंद घेत. फुप्फुसातल्या केशवाहिनीतून रक्त तर सेकंदभरात पुढे सरकतं. एन्झाइमच्या खोबणीत जस्ताचा एक अणू बसलेला असतो. त्याच्या जोरावर एकच रेणू सेकंदाला १० लाखांच्या घरात रूपांतरं उरकतो.

सूक्ष्मशैवाल वाढवणाऱ्यांना हाच वेग हवा आहे. शैवालाचं खाणं म्हणजे कार्बन डायऑक्साइड. टाकीत हा वायू नुसता सोडला, तर बराचसा विरघळण्याआधीच वर येऊन उडून जातो. शिवाय हा वायू पुरवणारं वीजकेंद्राचं धुराडं रात्रीही चालू असतं आणि शैवाल जेवतं फक्त उजेडात. म्हणून धूर आधी कार्बोनेटच्या द्रावणातून न्यायचा. हे द्रावण वायू शोषतं, पण फार संथपणे. एन्झाइम ती गती वाढवतं. तयार झालेलं बायकार्बोनेट साठवता येतं आणि दिवसा शैवालाला देता येतं.

पुढची गंमत मला जास्त आवडते. शैवाल कार्बन खातं तसा पाण्याचा सामू (पीएच) चढतो, द्रावण पुन्हा कार्बोनेटकडे झुकतं आणि धूर प्यायला मोकळं होतं. धुरातला वायू अमाइन नावाच्या रसायनांत शोषून घेण्याच्या नेहमीच्या पद्धतीत हेच करायला द्रावण सुमारे १२० अंशांपर्यंत तापवावं लागतं. अर्थात इतका अल्कधर्मी पाहुणचार प्रत्येक जातीला मानवत नाही. स्पिरुलिनाला मानवतो, पण ती खरं तर जिवाणूंच्या कुळातली.

एन्झाइम फक्त वेग देतं. द्रावणात वायू किती मावेल, हे त्याच्या हातात नाही. त्यातून ते पडलं प्रथिन: उष्णतेने बिघडतं, द्रावणाबरोबर वाहून जातं. म्हणून ते बारीक मण्यांवर चिकटवून ठेवतात. २०१४ साली एका जिवाणूच्या एन्झाइममध्ये बदल करून १०७ अंशांपर्यंतच्या अमाइन द्रावणात टिकणारं रूप घडवलं गेलं.

एक किलो सुकं शैवाल तयार होताना साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. त्या शैवालाचं इंधन करून जाळलं, की तो परत हवेत.