अश्वारोहण शैली (वेशभूषा व गृहसजावट)

घोडेस्वाराचा पोशाख, घोड्याचा साज आणि तबेल्यातील सामान यांवरून घडलेली वेशभूषेची व गृहसजावटीची शैली. तपकिरी चामडे, पितळी कड्या, पट्टे-बकले, उंच बूट आणि कमरेत बसता कोट ही तिची ओळख. यातले बरेचसे मुळात कामापुरते होते. कोटाला मागे चीर ठेवली, ती खोगिरावर बसल्यावर घेर दोन्ही बाजूंना नीट पडावा म्हणून. बुटाला टाच दिली, ती पाय रिकिबीत पुढे घसरू नये म्हणून.

जोधपुरी विजारीची गोष्टही तशीच. जोधपूरचे सर प्रताप सिंह १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवासाठी इंग्लंडला गेले आणि मांडीवर घोळदार, गुडघ्याखाली घट्ट अशी ही विजार तिकडे लोकप्रिय झाली. ताणले जाणारे कापड नसताना घोड्यावर मांड ठोकायची तर घोळ हवाच होता. पुढे लवचिक कापड आले, घोळ गेला. नाव मात्र टिकले.

चामड्याच्या वस्तूंत ही शैली सर्वांत खोल रुजली. थिएरी एर्मेस यांनी १८३७ मध्ये पॅरिसमध्ये घोड्यांचे साज बनवण्याचा कारखाना काढला. मोटारी आल्या, साजाचे गिऱ्हाईक आटले, आणि जीनगराचे कसब हातपिशव्यांकडे वळले. खोगिराच्या टाक्यात मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात. दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर ओवतात. एक टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. यंत्राच्या शिवणीला हे साधत नाही. फ्लॉरेन्सच्या गुच्ची या पेढीने १९५३ मध्ये लोफरवर, म्हणजे बिननाडीच्या बुटावर, लगामाचे कडियाळे बसवले. तिथे ते काहीच आवरत नाही, निव्वळ दागिना आहे.

घरात ही शैली चामडी खुर्च्या, लोकरी घोंगड्या आणि घोड्यांच्या चित्रांतून येते. फ्रेंच रचनाकार झाक आद्ने यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास दिवे, आरसे, मेजे चामड्याने मढवून त्यांवर खोगिराचा टाका उघडा ठेवला. चित्रांत इंग्लिश चित्रकार जॉर्ज स्टब्सचा ‘व्हिसलजॅकेट’ (सु. १७६२) वरचढ: जवळजवळ खऱ्या मापाचा घोडा, पाठीवर स्वार नाही, मागे रान नाही, नुसती मोकळी पार्श्वभूमी. पट्ट्याने टांगलेला आरसा शोभतो, कारण तो पट्टा खरोखर वजन पेलतो. भिंतभर नाल, चाबूक आणि रिकिबी लावल्या की उरते ती खोगीरभरती.