महाविद्यालयीन वार्षिक (पुणे)

महाविद्यालयीन वार्षिक : विद्यार्थ्यांचे लेखन आणि महाविद्यालयातल्या वर्षभराच्या घडामोडी एकत्र छापणारा, वर्षातून एकदा निघणारा अंक. बोलताना त्याला 'कॉलेजचं मॅगझिन' म्हणतात. छापील पानावर 'वार्षिक', 'वार्षिकांक' किंवा 'नियतकालिक' असते. विज्ञान आणि वाणिज्य शाखांतही तो निघतो, पण त्याचे घर कला शाखेचे. संपादन बहुधा मराठीच्या प्राध्यापकांकडे येते आणि मजकूर गोळा करायला एस. वाय., टी. वाय. बी. ए.ची मुले-मुली धावपळ करतात. वर्गणी वेगळी मागितली जात नाही. प्रवेशाच्या वेळी मिळणाऱ्या फीच्या पावतीत जिमखाना आणि ग्रंथालय यांच्या खाली मॅगझिनचीही एक ओळ असते आणि अंक निघाला की ओळखपत्र दाखवून तो न्यायचा असतो.

अंकाच्या पहिल्या भागात कथा, कविता, ललित आणि वैचारिक लेख असतात. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि क्वचित संस्कृत असे त्याचे विभाग पडतात. दुसरा भाग अहवालांचा. पुढे कुणी लेखक म्हणून नावारूपाला आला की त्याची पहिली कविता कोणत्या अंकात आली याचा शोध होतो. अहवालांची पाने मात्र न वाचताच उलटली जातात. हा त्या पानांवर अन्याय आहे. पुण्यातल्या कला महाविद्यालयांत कोण शिकायला आले, कोणत्या गोष्टीला यश म्हटले गेले आणि ती व्याख्या कशी बदलत गेली, याची इतकी सलग नोंद दुसरीकडे सापडत नाही.

शहरातली ही परंपरा ज्या संस्थांच्या आधाराने वाढली त्या जुन्या आहेत. १८२१ साली सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेतून पुढे डेक्कन कॉलेज उभे राहिले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज काढले. वामन शिवराम आपटे त्याचे पहिले प्राचार्य. आजचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज या नावाने सुरू झाले, तर नौरोसजी वाडिया महाविद्यालय १९३२ मध्ये. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन होईपर्यंत ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती. निकाल मुंबईहून येत आणि पुण्यातला मुलगा तिथे पहिला आला की ती सगळ्या गावाची बातमी होई.

या अभिमानाचे सर्वांत ठळक उदाहरण रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये तिथल्या गणिताच्या ट्रायपॉस या पदवी परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे मानकरी, झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. परत आल्यावर त्यांनी आपल्याच महाविद्यालयात गणित शिकवले आणि १९०२ पासून जवळजवळ दोन दशके ते तिथे प्राचार्य होते. परीक्षेतले ते स्थान पुढे त्यांच्या नावालाच चिकटले : महाराष्ट्रात ते आजही 'रँग्लर परांजपे' आहेत. परीक्षेतला क्रमांक नावाआधी आदराने लावावा, असे मराठीत फार थोड्यांच्या वाट्याला आले आहे.

यशाची ही मोजपट्टी, म्हणजे पहिला क्रमांक आणि पदक, वार्षिकात दीर्घकाळ टिकली. गुणवंतांची पाने गुळगुळीत आर्ट पेपरवर छापतात. पासपोर्ट आकाराचा फोटो, खाली नाव, वर्ग, विषय. मुलींच्या नावाआधी 'कु.'. पुढच्या पानांवर गटांचे फोटो येतात आणि त्यांच्या ओळींची भाषा सगळीकडे सारखी : 'बसलेले, डावीकडून', 'उभे, डावीकडून'. बसलेल्यांत प्राचार्य, उपप्राचार्य आणि विभागप्रमुख, उभ्यांत विद्यार्थी, आणि मागच्या रांगेच्या टोकाला, असलाच तर, प्रयोगशाळा परिचर किंवा शिपाई. चाळीस वर्षांनी जुना अंक चाळताना माणूस आधी हीच ओळ वाचतो आणि बोटाने डावीकडून मोजत आपल्यापर्यंत येतो.

पदकांच्या जोडीला हळूहळू दुसरी यशे आली. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाल्यावर खेड्यातल्या शिबिरांचे अहवाल येऊ लागले : श्रमदान, पथनाट्य, शेवटच्या दिवशीचा निरोप. छात्रसेनेचा विद्यार्थी दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला निवडला गेला की त्याचा फोटो ठरलेला. आंतरविद्यापीठ स्पर्धांतले खेळाडू, युवक महोत्सवातली पथके आणि अलीकडे स्पर्धा परीक्षांतून अधिकारी झालेले माजी विद्यार्थी, हेही त्यात येतात.

पुण्यात या पानांवर एकांकिकेची खास सत्ता आहे. महाराष्ट्रीय कलोपासक संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा घेते आणि सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात 'अरे, आव्वाज कुणाचा' ही आरोळी ऐकली नाही असा पुण्याचा कॉलेजकुमार विरळा. तालमी पावसाळ्यात, रिकाम्या वर्गांत, रात्री उशिरापर्यंत चालतात. करंडक मिळाला तर अंकात पूर्ण पान; प्राथमिक फेरीतच बाहेर पडले तर अर्धी ओळ. २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडक कोणत्याच संघाला दिला नाही. त्या मुलांनी दोन महिने केलेले काम ज्यांनी जवळून पाहिले असेल त्यांना अर्ध्या ओळीचा हिशेब पटत नाही, आणि पटूही नये. पडद्यामागे सेट उचलणाऱ्यांची नावेही ज्या अहवालांत आली आहेत ते अहवाल या प्रकारातले सर्वांत चांगले म्हणावे लागतील.

अशीच एक उणीव 'कमवा व शिका' योजनेच्या अहवालांत दिसते. मराठवाडा, खानदेश, सोलापूर, नगर भागांतून आलेली मुले-मुली सकाळी महाविद्यालयाच्या बागेत, ग्रंथालयाच्या कपाटांपाशी, कार्यालयात तासांच्या हिशेबाने काम करतात आणि त्या पैशांत खोलीचे भाडे, मेसचे डबे भागवतात. अनेक अंकांत त्यांची केवळ संख्या छापलेली असते. घरातला पहिला पदवीधर होणे ही गुणवत्ता यादीतल्या स्थानाइतकीच मोठी गोष्ट आहे. तिला फोटो आणि नाव दोन्ही मिळायला हवे.

माजी विद्यार्थ्यांचे पान पूर्वी स्नेहमेळाव्याच्या बातमीपुरते असे, पण त्यांचे बळ काय असते हे डेक्कन कॉलेजने दाखवले. १९३४ मध्ये सरकारने ते बंद केल्यावर माजी विद्यार्थी न्यायालयात गेले. जमशेटजी जिजीभाईंनी शिक्षणासाठी दिलेली देणगी त्यांच्या बाजूने उभी राहिली आणि १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक' या राष्ट्रीय संस्थेची स्थापना १९९४ मध्ये झाली आणि पुढे मूल्यांकन सर्वत्र आल्यावर अहवालांचे लेखन बदलले. प्रत्येक कार्यक्रमाची तारीख, उपस्थितांची संख्या, फोटो आणि प्रमाणपत्राची प्रत गुणवत्ता हमी कक्षाकडे द्यावी लागते आणि तोच मजकूर वार्षिकात उतरतो. त्यामुळे नोंदी नेमक्या झाल्या. पण शिबिरातल्या एखाद्या संध्याकाळचे वर्णन करणारे जुने, ऐसपैस अहवाल दुर्मीळ झाले, हा खरा तोटा. सिम्बायोसिसची लिबरल आर्ट्स शाखा (२०११) किंवा लवळ्याचे फ्लेम विद्यापीठ (२०१५) अशा नव्या संस्थांत घडामोडींची वार्ता मुख्यतः ई-मेल आणि समाजमाध्यमांतून फिरते. जुन्या महाविद्यालयांतही 'हार्दिक अभिनंदन'चा फलक आता फाटकावरच्या फ्लेक्सआधी व्हॉट्सअॅपवर पोचतो. विद्यापीठ वार्षिकांची स्पर्धा घेते, हे छापील अंक टिकण्याचे एक कारण.

छपाई खिळे, म्हणजे धातूचे अक्षरठसे, जुळवून होत असे. मग ऑफसेट आणि संगणकावरची अक्षरजुळणी (डीटीपी) आले. शेवटच्या पानावर मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक सांगणारे 'फॉर्म ४, नियम ८' हे निवेदन अनेक अंकांत दिसते. नव्वदच्या दशकानंतरचे कितीतरी अंक युनिकोडआधीच्या 'श्रीलिपी' या संगणकीय फाँटमध्ये जुळवलेले आहेत. त्यांच्या फाइली युनिकोडमध्ये उघडल्या की अक्षरांचा पार विचका होतो. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये नाव टाकून शोधता येत नाही. एखाद्याने आजीचे नाव शोधायचे ठरवले तर ग्रंथालयात जाऊन, कापडी बांधणीचे खंड काढून घेऊन, वर्षामागून वर्ष पाने उलटणे हाच मार्ग आहे. आणि लग्नाआधीचे आडनाव ठाऊक असावे लागते.