नवलाईची देवाणघेवाण (मराठवाडा)

निसर्गातील विलक्षण गोष्टी, जुन्या चित्रशिल्पांतील चमत्कृती आणि समाजमाध्यमांवरील विनोद एकमेकांना दाखविण्याची व त्यांवर बोलण्याची प्रथा. मराठवाड्यात ती आज मुख्यतः मोबाइलवर चालते. भावकीच्या, गावच्या किंवा शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखादा फोटो येतो, त्याखाली दोन ओळींची माहिती असते आणि पाठोपाठ शेरे सुरू होतात. साधन नवे आहे. ‘हे बघितलंस का?’ म्हणण्याची हौस मात्र या मुलखात फार जुनी आहे. पैठणच्या सातवाहन परंपरेतील हाल राजाच्या ‘गाथासप्तशती’त आरंभीच एक गाथा येते: कमळाच्या पानावर अगदी निश्चल बसलेली बगळी, निर्मळ पाचूच्या थाळीत ठेवलेल्या शंखासारखी शोभते. माहाराष्ट्री प्राकृतातील या गाथेचा पहिला शब्दच ‘उअ’ म्हणजे ‘बघ’ असा आहे. कोटी गाथांतून सातशे निवडल्या, असेही त्या संग्रहात सांगितलेले आहे. म्हणजे पाहणे, निवडणे आणि दुसऱ्यापुढे ठेवणे ही तिन्ही कामे तिथे एकत्र आलेली दिसतात. पैठणजवळच्या आपेगावच्या घराण्यातील मुक्ताबाईंच्या कूट अभंगात मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते. ऐकणाऱ्याला थबकायला लावणारे असे उलटे चित्र इथल्या कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले आहे.

निसर्गातील नवलाईचे सर्वांत ओळखीचे उदाहरण मिरगाच्या किड्याचे होय. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग नक्षत्र लागते आणि दोन चांगले पाऊस झाले की शेताच्या बांधावर, ओल्या मातीवर मखमली लाल रंगाचे छोटे जीव चालताना दिसतात. बोट लावले की तो पाय आखडून गप्प पडून राहतो आणि धोका टळला असे वाटले की पुन्हा चालू लागतो. मुले काडीपेटीत ओली माती आणि गवताची काडी घालून त्याला ठेवत असत. आता त्याचा व्हिडिओ काढून मुंबई-पुण्याला गेलेल्या भावंडांना पाठवला जातो. शास्त्रीय दृष्ट्या तो कीटक नाही. त्याला आठ पाय असल्यामुळे तो कोळ्यांच्या कुळाजवळचा माइट ठरतो. त्याच्या पिल्लाला मात्र सहाच पाय असतात आणि ते नाकतोड्यासारख्या कीटकांना चिकटून जगते. प्रौढ जीव वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली काढतो. त्याचा भडक लाल रंग हा भक्षकांना ‘मी खाण्याजोगा नाही’ असा इशारा असतो. दख्खनी (इथली उर्दू बोली) बोलणाऱ्या घरांत त्याला बीरबहूटी म्हणतात.

फोटोबरोबर कारण आले नाही तर काय होते, हे जून २०२० मध्ये दिसले. लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाल्याचे फोटो त्या वेळी सर्वत्र फिरले. हे सरोवर विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात आहे. पण जालन्याच्या सीमेजवळ असल्याने मराठवाड्याला ते घरचेच वाटते. फोटो खरे होते, तर्क मात्र नाना प्रकारचे निघाले. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील तपासणीतून उलगडा झाला: पाणी घटून क्षारता वाढली आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे गुलाबी छटा आली. ही रंगद्रव्ये कॅरोटिनॉइड गटातली असतात, आणि जायकवाडीच्या नाथसागरावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या पिसांचा गुलाबी रंगही अन्नातून मिळणाऱ्या याच गटातील द्रव्यांमुळे येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते मूळ फोटोपेक्षा ही जोडणी अधिक नवलाची आहे, आणि ती कारण विचारल्याशिवाय हाती लागत नाही.

कलेच्या बाबतीत या प्रदेशाकडे अपार धन आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील एका स्तंभशीर्षावर चार हरणांना मिळून एकच डोके कोरलेले आहे. तिघांची शरीरे तळहाताने झाकली तर ते डोके उरलेल्या चौथ्याला चपखल बसते. कोणतीही तीन झाका, अनुभव तोच. ‘हरणे किती आणि डोकी किती?’ असा प्रश्न घालून हा फोटो पाठविणारा मनुष्य नकळत शिल्पकाराचेच कोडे पुढे नेत असतो, कारण दगडावर ते याच हेतूने रचलेले आहे. वेरूळच्या १४ क्रमांकाच्या लेण्यात शिवपार्वती सारीपाट खेळत आहेत आणि खाली नंदीभोवती गणांची मस्ती चालली आहे. देवांच्या घरच्या खेळातही पोरांचा दंगा असतोच, हे त्या कारागिराने मोठ्या मायेने दाखवले आहे.

अजिंठ्याची चित्रे दूरच्या लोकांना दाखविण्याचे प्रयत्न मोबाइलच्या कितीतरी आधी झाले, आणि त्यांची कथा दुःखद आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने लेणी पाहून दहाव्या लेण्यात स्वतःचे नाव कोरले. १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे तिथे राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातील जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात नव्याने प्रतिकृती केल्या. त्यांतील कित्येक लंडनमध्येच पुन्हा आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. आज लेण्यात फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, आणि ती पाळणे हे फोटो काढणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रविनोदाला आज ‘मीम’ म्हणतात. हा शब्द जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये, अनुकरणाने माणसामाणसांत पसरणाऱ्या सांस्कृतिक घटकासाठी घडवला. मराठवाड्यातील मीमचा जीव बोलीत आहे. लातूर-नांदेडकडचे ‘काय करलालास?’ आणि छत्रपती संभाजीनगरच्या दख्खनी वळणाचे ‘हौ’, ‘नक्को’ हे शब्द जुन्या चित्रातील राजा, साधू किंवा हत्तीच्या तोंडी घातले की परका चेहरा एकदम आपल्या गल्लीतला होतो. प्रमाण मराठीत लिहिल्यास तोच विनोद निम्मा उरतो. पाण्याचा विनोद हा याचा एक मोठा विभाग आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हापासून ‘टँकर आला का?’ एवढे तीन शब्दही कोणत्याही चित्राखाली पुरेसे ठरतात. बाहेरच्या माणसाला त्यात नुसती गंमत दिसते. घागरी घेऊन रांगेत उभे राहिलेल्याला मात्र त्या तीन शब्दांत मागचा उन्हाळा आठवतो.