व्यालेल्या मांजरीची काळजी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मांजर व्याली की घरातल्या सर्वांचे लक्ष पिल्लांकडे वळते. परंतु पहिले तीन-चार आठवडे पिल्लांचे पोषण आईच्या दुधावरच होत असल्यामुळे तिची प्रकृती बिघडली, तर त्याची झळ पिल्लांनाही लगेच लागते.

प्रत्येक पिल्लामागे एक वार, म्हणजे पोटात पिल्लाला पोसणारी नाळेची गादी (प्लॅसेंटा), पडते. मांजर ती बहुधा खाऊन टाकते, त्यामुळे सर्व वारा पडल्या की नाही हे नेहमीच कळत नाही. त्यानंतर काही दिवस थोडा तांबूस-तपकिरी स्राव जाणे स्वाभाविक आहे. मात्र स्रावाला दुर्गंधी येऊ लागली, तो पूसारखा दिसला किंवा ताजे लाल रक्त जात राहिले, तर गर्भाशयाला संसर्ग झाल्याची शक्यता धरून त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. मांजरीचे तापमान साधारणपणे ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते, म्हणून तिचे अंग आपल्या हाताला गरम लागले एवढ्यावरून ताप आहे असे ठरवू नये.

दूध पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुपटीहून अधिक आहार लागू शकतो. अशा वेळी पिल्लांसाठी तयार केलेले पौष्टिक खाद्य तिलाही द्यावे, ते दिवसभर तिच्यासमोर असू द्यावे आणि पाणी जवळच ठेवावे. गाईचे दूध पाजण्याची गरज नसते. अनेक मांजरींना त्याने जुलाब होतात.

कॅल्शियमच्या गोळ्यांची मागणी आमच्याकडे वारंवार होते, परंतु पशुवैद्यांच्या सल्ल्याशिवाय त्या देऊ नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. गाभणपणात वरून कॅल्शियम दिल्यास हाडांतील साठा वापरण्याची शरीराची स्वतःची यंत्रणा मंदावते आणि दुधाचा भार वाढताच रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटण्याचा धोका उलट वाढतो. मांजर अस्वस्थपणे फिरणे, धापा टाकणे, ताठ पायांनी चालणे, अंगाला कंप सुटणे आणि शेवटी आकडी येणे ही त्याची लक्षणे आहेत. ती दिसताच पिल्ले आईपासून दूर करावीत आणि तिला ताबडतोब दवाखान्यात न्यावे. यात काही तासांचा उशीरही जिवावर बेतू शकतो.

सड रोज हलक्या हाताने तपासावेत. एखादा कडक, गरम किंवा जांभळट झाला असेल आणि हात लावताच मांजर अंग चोरत असेल, तर तो स्तनदाह असू शकतो. दूध पुरते आहे की नाही, हे पिल्लांच्या वजनावरून समजते. प्रत्येक पिल्लाचे वजन रोज साधारण १० ते १५ ग्रॅमने वाढायला हवे. माणसांची औषधे मुळीच देऊ नयेत. पॅरासिटामॉल तर मांजरीसाठी विषच आहे.

पिल्ले अंगावर पीत असतानाही मांजर पुन्हा माजावर येऊन गाभण राहू शकते, म्हणून तिला बोक्यापासून दूर ठेवावे आणि पिल्लांनी दूध सोडून तिचे दूध आटल्यावर नसबंदी केव्हा करायची, हे पशुवैद्यांकडून आधीच ठरवून घ्यावे.