कॅटलॉगिंगच्या नियमात बदल सुचवायचाय? प्रस्ताव कुठे द्यायचा, काय जोडायचं आणि तो परत का येतो

नियम कुठे अडतो हे ग्रंथालयात रोज पुस्तकांच्या नोंदी, म्हणजे कॅटलॉगिंग, करणाऱ्याला सगळ्यात आधी कळतं. पुस्तक हातात असतं, नियम भलतंच सांगत असतो आणि अशी नोंद वाचकाला सापडणार नाही हे तिथल्या तिथे दिसतं. तरीही याच माणसांचे प्रस्ताव वारंवार परत येतात, आणि ते बघून वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा मुद्दा खरा असतो. फक्त कागद चुकीच्या समितीकडे गेलेला असतो, किंवा त्यात तक्रार असते पण नव्या नियमाचा मजकूर नसतो. म्हणून नेहमीच्या पायऱ्या इथे थोडक्यात आहेत, आणि जिथे प्रस्ताव अडकतात त्या जागा सविस्तर.

आधी ठरवा, बदलायचंय नेमकं काय

बोलताना आपण सगळ्यालाच "कॅटलॉगिंगचे नियम" म्हणतो, पण ते एका संस्थेच्या हातात नाहीत. नोंदीत काय लिहायचं आणि लेखकाच्या नावाचं प्रमाण रूप कसं ठरवायचं, हे आरडीए (रिसोर्स डिस्क्रिप्शन अँड ॲक्सेस) या नियमसंचात येतं. तो मजकूर आरडीए स्टिअरिंग कमिटी, म्हणजे आरएससी, सांभाळते. तीच माहिती कोणत्या टॅगमध्ये (क्रमांक दिलेल्या रकान्यात) आणि कोणत्या सबफील्डमध्ये (त्यातल्या उपरकान्यात) जाणार हा मार्क २१ चा, म्हणजे नोंदी संगणकात साठवण्याच्या साच्याचा, विषय, आणि त्यासाठी मार्क ॲडव्हायझरी कमिटी आहे. विषयशीर्षकं, म्हणजे पुस्तकाचा विषय सांगणारे ठरावीक शब्द, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची, त्यांचे प्रस्ताव साको या सहकारी कार्यक्रमातून जातात. ड्यूई वर्गीकरण ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेकडे, आयएसबीडी हे ग्रंथवर्णनाचं आंतरराष्ट्रीय मानक इफ्ला या ग्रंथालयांच्या जागतिक महासंघाच्या रिव्ह्यू ग्रुपकडे. एका टेबलावरचा कागद आपणहून दुसऱ्या टेबलावर जाईल असं गृहीत धरू नका.

यापेक्षा जास्त वेळ वाया जातो तो नियम आणि धोरण यांच्या घोळात. आरडीए अनेक ठिकाणी पर्याय देते. त्यातला कोणता घ्यायचा हे राष्ट्रीय ग्रंथालयं आणि ग्रंथालयांचे गट आपापल्या धोरणपत्रांत ठरवतात. व्यक्तीच्या प्राधिकृत नोंदीत (नावाचं प्रमाण रूप ठरवणाऱ्या नोंदीत) लिंग नोंदवायचं की नाही हा वाद आठवून बघा. आरडीएत तो घटक होता आणि नोंदवा अशी सक्ती नव्हती. प्रोग्राम फॉर कोऑपरेटिव्ह कॅटलॉगिंग या ग्रंथालयांच्या गटाने २०२२ मध्ये आपल्या सदस्यांना ३७५ टॅगमध्ये लिंग नोंदवू नका असं सांगितलं, आणि त्यासाठी आरडीएचा एक शब्दही बदलावा लागला नाही. तुमचा त्रास असा धोरणातून सुटणारा असेल तर आरएससीकडे जाऊच नका. धोरण ज्यांचं, त्यांना लिहा. ते काम तुलनेने लवकर होतं.

पात्रता

पदवीची, पदाची किंवा अनुभवाच्या वर्षांची अट नाही. अट आहे ती मार्गाची. आरएससीत सहा प्रदेश मानले आहेत: आफ्रिका, आशिया, युरोप, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन, उत्तर अमेरिका आणि ओशनिया. प्रस्ताव प्रदेशाच्या प्रतिनिधीमार्फत येतो. उत्तर अमेरिकेसाठी नार्डॅक ही प्रादेशिक समिती आहे, युरोपसाठी युरिग, ओशनियासाठी ऑर्डॅक. प्रादेशिक समितीचा आधार नसलेल्यांसाठी आरएससीत वाइडर कम्युनिटी एंगेजमेंट ऑफिसर हे पद आहे, त्यांच्याकडे मुद्दा मांडता येतो. अध्यक्षांना पाठवलेली सविस्तर ईमेल कितीही पोटतिडकीने लिहिलेली असली तरी तिला प्रस्ताव म्हणत नाहीत.

विषयशीर्षकांसाठी साकोचं सदस्यत्व लागतं. लहान ग्रंथालयाला ते एकट्याने झेपत नसेल तर फनेल बघा. यात अनेक ग्रंथालयं एकत्र येऊन एका समन्वयकामार्फत प्रस्ताव पाठवतात. समन्वयक मसुदा तपासून देतो, आणि पहिल्यांदा प्रस्ताव करणाऱ्याला त्याहून मोठी मदत नाही.

आरडीए: मजकूर आणि परिणाम

प्रस्तावात सारांश, पार्श्वभूमी व समर्थन, आजचा मजकूर, खाडाखोड दाखवणारा बदललेला मजकूर आणि त्याची स्वच्छ प्रत एवढं हवं. "हा नियम अधिक स्पष्ट करावा" हे वाक्य समर्थनात चालेल, पण नवा मजकूर तुम्हीच लिहायचा असतो. मजकूर सुचत नसेल आणि प्रश्नच मांडायचा असेल तर प्रस्तावाऐवजी चर्चापत्र द्या. ते कमीपणाचं नाही, उलट प्रामाणिकपणाचं आहे. शब्दलेखनाची चूक किंवा अर्थ न बदलणारी दुरुस्ती असेल तर फास्ट ट्रॅक आहे, तिथे एवढा खटाटोप नको.

आजचा मजकूर कुठून घेता ते सांभाळा. अनेकांच्या हाताशी अजून २०१० च्या आरडीएतले २.३.१.४ सारखे नियमक्रमांक असतात. तो जुना इंग्रजी मजकूर २०१७ मध्ये गोठवला गेला, आणि १५ डिसेंबर २०२० पासून नवी मांडणी अधिकृत आहे. तिच्यात ते क्रमांक नाहीत. जुन्या क्रमांकावर आधारलेला प्रस्ताव म्हणजे अस्तित्वात नसलेल्या परिच्छेदाची दुरुस्ती. अडचण अशी की आरडीएचा मजकूर असलेलं अधिकृत ऑनलाइन टूलकिट पैसे भरून वापरावं लागतं. जो नियम सुधारायचा तो वाचायलाच वर्गणी लागावी, हे लहान ग्रंथालयांवर अन्यायाचं आहे आणि ते स्पष्ट म्हणायला हवं. तोवर एवढं करा: घटकांची नावं, व्याख्या आणि शब्दसंग्रह आरडीए रजिस्ट्रीत मोफत आहेत, ते तिथून घ्या. सूचनांच्या मजकुरासाठी वर्गणी असलेल्या ग्रंथालयात जाऊन नेमका उतारा उतरवून आणा. आठवणीतून लिहू नका.

आता तो भाग, जो जवळजवळ कोणाकडेच तयार नसतो: परिणामांचं टिपण. तुम्ही एका घटकाची व्याख्या बदलता तेव्हा तोच शब्द आणखी कुठे आलाय? उदाहरणं बदलावी लागतील का? मार्कमध्ये नवा टॅग लागेल का? नवा शब्द फ्रेंच, जर्मन, फिनिश अनुवादांतही बदलावा लागणार, तो तिथे बसेल का? आणि जुन्या नोंदींचं काय? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक प्रस्तावक "फारसा परिणाम नाही" असं लिहून मोकळे होतात. वाचणाऱ्याला तिथेच शंका येते. आपल्या कॅटलॉगमध्ये शोध लावा, किती नोंदींना हात लावावा लागेल तो आकडा काढा, त्यातल्या काही नव्या नियमाने पुन्हा करून जोडा. आकडा मोठा निघाला तर घाबरू नका, लपवू नका. खर्च मान्य करून तो का सोसावा हे सांगणारा प्रस्ताव समितीला विश्वासाचा वाटतो.

तारखेचा घोळ

आरएससीच्या वेळापत्रकातली तारीख तुमच्यासाठी नसते. ती प्रादेशिक समितीने आरएससीकडे कागद देण्याची तारीख. त्याआधी तुमच्या प्रादेशिक समितीला तो वाचायचा असतो, शंका काढायच्या असतात, आपसात सहमती करायची असते. उत्तर अमेरिकेत तर नार्डॅकच्याही आधी त्यातल्या संस्थांच्या समित्या येतात. म्हणून छापलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी कागद पाठवणारा खरं तर त्या बैठकीला मुकलेला असतो. आपल्या समितीची अंतर्गत तारीख विचारून घ्या, आणि मसुदा त्याच्याही काही महिने आधी अनौपचारिकपणे दाखवा.

विषयशीर्षकं: पुरावा पुस्तकातून

नवं शीर्षक मागताना पहिला प्रश्न असतो की हा विषय असलेलं कोणतं पुस्तक तुमच्या समोर आहे. ते पुस्तक प्रस्तावाच्या ६७० टॅगमध्ये सगळ्यात आधी येतं, त्यानंतर संदर्भग्रंथ. जिथे शोधूनही शब्द मिळाला नाही ते स्रोत ६७५ मध्ये नोंदवा. हे बरेच जण वगळतात, आणि मग शोध अपुरा वाटतो. व्यापक शीर्षकाचा दुवाही द्या. पूल, इमारत, संस्था अशा नावांबाबत ती विषयांच्या फाइलीत जातात की नावांच्या, हे सब्जेक्ट हेडिंग्ज मॅन्युअलच्या एच ४०५ या प्रकरणात बघून मगच सुरुवात करा. इथली चूक म्हणजे अख्खा अर्ज वाया.

असलेलं शीर्षक बदलायचं असेल तर त्याच मॅन्युअलमधलं एच १९३ वाचा. जुनं रूप काढून टाकायचं नसतं, ते ४xx मध्ये (४ ने सुरू होणाऱ्या टॅगमध्ये) पूर्वीचं रूप म्हणून ठेवायचं असतं. त्याच शब्दावर बांधलेल्या इतर शीर्षकांचे बदलही सोबत द्यायचे असतात. एकच शीर्षक बदला आणि बाकीची तशीच ठेवा, असा प्रस्ताव टिकत नाही.

धीर किती लागतो याचं उदाहरण म्हणजे "इलीगल एलियन्स" हे शीर्षक. डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ग्रंथपालांच्या मदतीने २०१४ मध्ये बदल मागितला, तो नाकारला गेला. २०१६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने बदल जाहीर केला, तर अमेरिकी काँग्रेसमधून विरोध झाला आणि तो रखडला. अखेर नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच्या जागी "नॉनसिटिझन्स" आणि "इलीगल इमिग्रेशन" ही दोन शीर्षकं आली. माणसांना अपमानकारक वाटणारा शब्द बदलायला इतकी वर्षं लागायला नको होती. पण पहिल्या नकाराने कागद फाडला असता तर तो आजही तिथेच असता.

मार्क

इथे चर्चापत्र आधी आणि प्रस्ताव नंतर, हाच नेहमीचा क्रम. बदल पाचपैकी कोणत्या फॉरमॅटमध्ये हवा ते लिहा. ग्रंथसूची फॉरमॅटमध्ये मागितलेला बदल प्राधिकृत नोंदींच्या फॉरमॅटमध्ये आपोआप येत नाही. सुचवलेला सबफील्ड कोड आधी वापरून रद्द झालेला नाही ना, हे तपासा. असे कोड सहसा पुन्हा दिले जात नाहीत. बिबफ्रेम, म्हणजे मार्कची जागा घेऊ पाहणारा नवा साचा, यावरचा भाग रिकामा ठेवू नका. तुमच्या ग्रंथालयात बिबफ्रेम नसलं तरी ही माहिती तिथे कशी मांडली जाईल याची दोन-चार वाक्यं हवीतच.

निर्णयानंतर

विषयशीर्षकांचे प्रस्ताव आधी तात्पुरत्या यादीत दिसतात, त्या काळात सूचना घेतल्या जातात. तुमचा प्रस्ताव यादीत आला की सहकाऱ्यांना तो वाचायला सांगा. परत आला तर निर्णयाच्या सारांशात कारण शोधा. "अमान्य" आणि "अधिक पुराव्यासह पुन्हा द्या" यात फार फरक आहे, आणि दुसरं उत्तर मिळूनही लोक निराश होऊन थांबतात.

मार्कमधला बदल मंजूर झाला तरी जाहीर झाल्यापासून ६० दिवस नवी गोष्ट वापरली जाणं अपेक्षित नसतं. तो काळ प्रणालींना तयारीसाठी असतो. त्या दिवसांत आपल्या ग्रंथालय प्रणालीत नवा टॅग आयात, शोध आणि प्रदर्शन या तिन्ही ठिकाणी चालतो का ते चाचणी नोंदीवर पाहून घ्या, आणि चालत नसेल तर प्रणाली पुरवणाऱ्याला तेव्हाच लेखी कळवा.