रोटरी इंजिनाचा दाब मोजताना

माझदाच्या आरएक्स-८ मोटारीतील रोटरी इंजिनात पिस्टन नसतात. दोन त्रिकोणी रोटर आपापल्या हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, फिरतात आणि प्रत्येक रोटरच्या तीन बाजूंमुळे तीन स्वतंत्र कप्पे तयार होतात. त्यामुळे पिस्टनच्या इंजिनात हवा किती दाबली जाते हे मोजणारा कॉम्प्रेशन गेज येथे फसवतो. त्याच्या तोंडाशी असलेला एकमार्गी व्हॉल्व्ह आलेला सर्वाधिक दाब धरून ठेवतो, म्हणजे तीनपैकी एक कप्पा धडधाकट असला तरी काटा समाधानकारक आकडा दाखवतो आणि उरलेल्या दोघांचे दुखणे झाकले जाते. तिन्ही कप्प्यांचे दाब वेगवेगळे नोंदवणारे रोटरीसाठीचे खास उपकरण वापरणे म्हणूनच योग्य.

चाचणीच्या वेळी इंजिन गरम, बॅटरी पूर्ण भरलेली, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) पूर्ण उघडा आणि इंधन व ठिणगी बंद हवी. स्टार्टर हळू फिरला की हवेला कप्पे हवाबंद ठेवणाऱ्या सीलमधून निसटायला अधिक वेळ मिळतो आणि निरोगी इंजिनही आजारी भासते. त्यामुळे आकडा नेहमी मिनिटाला २५० फेऱ्यांच्या वेगाशी जुळवून वाचावा लागतो. त्या वेगाला या इंजिनाचा प्रमाणित दाब ८३० किलोपास्कल, तर किमान मर्यादा ६८० आहे. एकाच रोटरच्या कप्प्यांत १५० पेक्षा आणि दोन रोटरांत १०० पेक्षा अधिक तफावत चालत नाही.

आकड्यांपेक्षा त्यांची मांडणी जास्त सांगते. रोटरच्या प्रत्येक टोकावरील एपेक्स सील दोन कप्प्यांना सामाईक असते. त्यामुळे दोन दाब पडलेले आणि तिसरा चांगला असेल, तर त्या दोघांमधल्या सीलवर संशय घ्यावा. एकच दाब कमी असेल, तर दोष बहुधा रोटरच्या सपाट पृष्ठांवरील साइड सील किंवा कोपऱ्यांतील कॉर्नर सीलचा असतो. तिन्ही सारखेच खालावले असतील, तर मात्र घाई करू नये: कार्बनने सील खाचेत अडकलेले असू शकते, किंवा इंजिन पेट्रोलने भरून गेल्याने तेलाचा थर धुऊन गेलेला असू शकतो, आणि या दोन्हींवर इंजिन न उघडता उपाय करून पुन्हा मोजता येते.

गरम इंजिन सुरू व्हायला कुरकुरू लागले की कॉइल, प्लग आणि स्टार्टर आधी तपासावेत. ते ठीक असूनही पुन्हा मोजलेला दाब मर्यादेखालीच येत असेल, तर पुनर्बांधणी लांबवू नये, असे मला ठामपणे वाटते. झिजलेले सील तुटले तर त्याचा तुकडा हाउसिंगच्या आतल्या क्रोमच्या थरावर चरे पाडतो, आणि मग सीलसंचाबरोबर महागडे हाउसिंगही बदलावे लागते.

दाब उत्तम असूनही इंजिन उघडावे लागते, अशी एक स्थिती उरते. हाउसिंगांमधले कूलंटचे सील गेले, की कूलंटची पातळी विनाकारण घटते आणि थंड इंजिन सुरू करताना पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो; त्यासाठी कूलंटच्या मार्गाची दाबचाचणी वेगळी करावी लागते.